केईएममध्ये देशातलं पहिलं हार्ट ट्रान्सप्लांट झालं, पण नव्या हृदयाला फक्त तीन तास मिळाले

डिसेंबर २०१६. तमिळनाडूच्या मुख्यमंत्री जयललिता चेन्नईच्या हॉस्पिटलमध्ये होत्या. त्यांचं हृदय अचानक थांबलं आणि देशभरातल्या टीव्ही चॅनेल्सवर एक नवाच शब्द झळकायला लागला. एक्मो. पुढे २०२० साली कोरोनाच्या काळात गायक एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांना एक्मोवर ठेवलं, तेव्हा हा शब्द पुन्हा घराघरात पोचला.

दोघंही वाचू शकले नाहीत. त्यामुळे एक्मो म्हणजे शेवटचं मशीन, ते लावलं की संपलं, असा समज लोकांच्या डोक्यात पक्का बसला.

पण एक्मोचं एक मोठं काम बातम्यांमध्ये फारसं येत नाही. हृदयाचं ऑपरेशन व्यवस्थित पार पडतं, टाके पडतात, पण हृदय काही जोर धरत नाही. अशा वेळी हे मशीन हृदयाचं आणि फुफ्फुसाचं काम काही दिवस आपल्या अंगावर घेतं. थोडक्यात सांगायचं तर, एक्मो वेळ विकत घेतं.

हा वेळ किती मोलाचा असतो हे समजून घ्यायचं असेल, तर १९६८ सालच्या मुंबईत, परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये जावं लागतं. तिथे एका डॉक्टरने भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. नव्या हृदयाला तग धरायला काही दिवस हवे होते. मिळाले फक्त तीन तास.

त्या डॉक्टरचं नाव प्रफुल्लकुमार सेन. सगळे त्यांना डॉ. पी. के. सेन म्हणूनच ओळखायचे.

नागपुरात वाढलेला बंगाली मुलगा

सेन यांचा जन्म ७ डिसेंबर १९१५ चा, कलकत्त्यातला. पण लहानपण गेलं नागपुरात. डॉक्टरकीसाठी ते मुंबईला आले आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम हॉस्पिटल हेच त्यांचं कर्मस्थान झालं.

हे कॉलेज साधंसुधं नव्हतं. इंग्रजांच्या काळात सरकारी मेडिकल कॉलेजांमधल्या मोठ्या जागा गोऱ्या डॉक्टरांकडे असायच्या. म्हणून १९२६ साली परळला जी. एस. आणि केईएम सुरू झालं, तेव्हा देणगीदारांनी अटच घातली होती की इथे शिकवणारे डॉक्टर भारतीयच असतील. भारतीय माणूससुद्धा पहिल्या दर्जाचं काम करू शकतो हे दाखवून देण्याची ईर्षा त्या भिंतींमध्येच होती. सेन याच वातावरणात सर्जन झाले.

त्या काळी हृदयाला हात लावणं म्हणजे वेडेपणा समजला जायचा. पोट उघडता येतं, हाड जोडता येतं, पण हृदय सतत धडधडत असतं. ते थांबवलं तर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. मग कापायचं कधी आणि शिवायचं कधी?

स्वातंत्र्यानंतर सेन रॉकफेलर फाउंडेशनची फेलोशिप घेऊन अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेले, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात. आता योगायोग बघा. त्याच शहरात, दुसऱ्या एका मेडिकल कॉलेजात, एक सर्जन वर्षानुवर्षं एका मशीनच्या मागे लागला होता. त्याचं नाव जॉन गिबन.

एका रात्रीतून सुचलेलं मशीन

गिबन तरुण असताना बोस्टनच्या हॉस्पिटलमध्ये त्याच्याकडे एका बाई पेशंटवर लक्ष ठेवायचं काम आलं होतं. तिच्या फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. रात्रभर तो तिची नाडी आणि रक्तदाब मोजत बसला. सकाळी ऑपरेशन झालं, पण ती वाचली नाही.

त्या रात्री गिबनच्या डोक्यात एक विचार आला. तिचं काळं पडत चाललेलं रक्त शरीराबाहेर काढलं, त्यात ऑक्सिजन मिसळला आणि परत आत सोडलं, तर डॉक्टरांना काम करायला वेळ मिळेल की!

ऐकायला सोपं, करायला महाकठीण. रक्त शरीराबाहेर आलं की गोठतं. पंपाने दाबलं की त्यातल्या पेशी फुटतात. हवेचा बुडबुडा गेला तर मेंदूला धोका. गिबन आणि त्याची बायको मेरी यांनी मांजरांवर प्रयोग केले. मधे दुसरं महायुद्ध आलं, काम थांबलं, पुन्हा सुरू झालं. अखेर ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात त्याने १८ वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं छिद्र शिवलं. त्यातली २६ मिनिटं तिचं हृदय आणि फुफ्फुसं दोन्हींचं काम पूर्णपणे मशीनवर होतं. मुलगी बरी होऊन घरी गेली.

हेच ते हार्ट-लंग मशीन. आज आपल्याकडे बायपास म्हटलं की लोकांना एकच ऑपरेशन आठवतं, पण रक्ताला हृदय टाळून मशीनमधून फिरवणं हासुद्धा बायपासच.

मात्र त्यानंतर गिबनचे पेशंट दगावले आणि त्याने हे काम थांबवलं. पुढची वाट दुसऱ्यांनी चालली. सेन यांच्या आयुष्यातही पुढे जवळपास असंच घडणार होतं.

सापाच्या हृदयाकडून घेतलेला धडा

सेन परत आले आणि त्यांनी केईएममध्ये हृदयाच्या आणि मोठ्या रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेचा पाया घातला. संधिवाताच्या तापामुळे हृदयाची झडप आखडलेले तरुण पेशंट तेव्हा आपल्याकडे मोठ्या संख्येने यायचे. गिरणगावातलं महापालिकेचं हॉस्पिटल, गरिबांची गर्दी, पैसा बेताचा. पण सेन यांनी वॉर्डाच्या जोडीने प्रयोगशाळाही चालवली. नवं काहीही पेशंटवर करायच्या आधी ते प्राण्यांवर करून बघायचं, हा त्यांचा शिरस्ता होता.

त्यांची डोकॅलिटी किती वेगळी होती याचं एक उदाहरण म्हणजे सापाचं हृदय.

माणसाच्या हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवायला बाहेरून वेगळ्या धमन्या असतात. त्या तुंबल्या की हार्ट अटॅक. सापाचं तसं नसतं. त्याच्या हृदयाच्या स्नायूला बरंचसं रक्त आतल्या पोकळीतूनच, बारीक वाटांनी थेट मिळतं. सेन यांनी विचार केला, माणसाच्या हृदयालाही अशा वाटा पाडून दिल्या तर?

त्यांनी हृदयाच्या भिंतीला सुईने बारीक छिद्रं पाडायचे प्रयोग केले आणि १९६५ साली अमेरिकेतल्या नावाजलेल्या शस्त्रक्रियेच्या जर्नलमध्ये ते छापून आले. सुईची छिद्रं कालांतराने बुजायची. पण पुढे लेझर आला आणि तीच कल्पना लेझरने छिद्रं पाडायच्या रूपात परत आली. तिचा उपयोग नेमका किती यावर वाद झाले, तरी जगातल्या सर्जन लोकांनी ती कल्पना परळमधून घेतली होती, हे खरं.

याच दशकात त्यांची टीम कुत्र्यांवर हृदय प्रत्यारोपणाचा सरावही करत होती.

फेब्रुवारी १९६८

३ डिसेंबर १९६७. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला ख्रिस्तियान बर्नार्डने जगातलं पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण केलं. पेशंट १८ दिवस जगला. जगभर खळबळ उडाली. तीनच दिवसांनी अमेरिकेत एड्रियन कॅन्ट्रोविट्झने एका बाळावर ऑपरेशन केलं, बाळ काही तासच जगलं. जानेवारीत नॉर्मन शमवेने केलं.

चौथा सर्जन होता आपला मुंबईचा. १६ आणि १७ फेब्रुवारी १९६८ च्या दरम्यान केईएममध्ये डॉ. सेन, डॉ. जी. बी. परुळकर, डॉ. शरद पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदय प्रत्यारोपण केलं. भारतातलं पहिलं, आशियातलं पहिलं आणि जगातलं सहावं.

हृदय मिळालं होतं अपघातात डोक्याला मार लागलेल्या एका तरुणीचं. ते ज्याला बसवलं तो तरुण होता, त्याच्या हृदयाचा स्नायूच निकामी झालेला. औषधांनी आता काही होणार नव्हतं.

ऑपरेशन झालं. हृदय जोडलं गेलं. हार्ट-लंग मशीन बंद करून नव्या हृदयाकडे काम सोपवण्यात आलं. आणि तीन तासांत पेशंट गेला.

चुकलं कुठे?

अडचण टाक्यांची नव्हती, अडचण फुफ्फुसात होती.

हृदयाची डावी बाजू रक्त सगळ्या शरीराला पाठवते, तर उजवी बाजू फक्त फुफ्फुसांना. फुफ्फुसांमधला दाब कमी असतो, म्हणून उजवी बाजू जात्याच नाजूक असते. पण ज्याचं हृदय दीर्घकाळ आजारी असतं, त्याच्या फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या हळूहळू कडक होतात आणि तिथला दाब चढतो. आजारी हृदयाला त्याची सवय होत जाते. निरोगी माणसाकडून आलेल्या नव्या हृदयाला मात्र ती सवय नसते.

अंगणातली बाग भिजवायची छोटी मोटर एकदम पाचव्या मजल्यावरच्या टाकीला जोडली तर काय होईल? तेच झालं. फुफ्फुसातला विरोध खूप होता आणि नव्या हृदयाला तो झेपला नाही.

आज प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घालण्याआधीच हा विरोध मोजतात. तो फार जास्त असेल तर वेगळा विचार करतात. पण १९६८ साली जगभरचे डॉक्टर हे धडे पेशंट गमावूनच शिकत होते.

दुसरी अडचण मशीनची. हार्ट-लंग मशीन ऑपरेशनच्या काही तासांपुरतंच चालवता यायचं. त्या काळच्या ऑक्सिजनेटरमध्ये रक्त आणि ऑक्सिजन थेट एकमेकांना भिडायचे आणि तास वाढले की रक्ताची नासाडी वाढायची. म्हणजे हृदय बंद असेल तेव्हा आधार होता, पण हृदय अशक्त असेल तेव्हा आधार नव्हता. मशीन काढलं की हृदयाने लगेच उभं राहायचं. नाही राहिलं, तर सर्जनच्या हातात फक्त औषधं.

सप्टेंबर १९६८ मध्ये सेन यांनी दुसऱ्यांदा प्रयत्न केला. हा पेशंट १४ तास जगला. त्यानंतर केईएममधलं हृदय प्रत्यारोपण थांबलं.

एकटे सेनच थांबले असं नाही. १९६८ या एका वर्षात जगात शंभरच्या आसपास हृदय प्रत्यारोपणं झाली. बहुतेक पेशंट काही दिवसांत किंवा महिन्यांत गेले आणि बऱ्याच देशांनी हे काम बंद केलं. त्यात भारतात मेंदूमृत्यूचा कायदाच नव्हता. हृदय धडधडतंय, पण मेंदू मेलाय, अशा माणसाचं हृदय घ्यायचं की नाही, याचं उत्तर कायद्यात नव्हतं आणि सगळी जोखीम डॉक्टरवर होती.

मग आलं एक्मो

अमेरिकेत काही डॉक्टर नेमक्या याच पोकळीवर काम करत होते. रक्त आणि ऑक्सिजन यांच्यामध्ये बारीक पडदा ठेवला, तर रक्ताची नासाडी कमी होते आणि मशीन कित्येक दिवस चालू शकतं, हे लक्षात आलं. या पडद्याला म्हणतात मेम्ब्रेन, आणि एक्मोमधला 'म' त्याचाच.

१९७१ साली कॅलिफोर्नियात डॉ. डोनाल्ड हिल यांच्या टीमने अपघातात फुफ्फुसं निकामी झालेल्या एका तरुणाला ७५ तास मशीनवर ठेवलं आणि तो वाचला. १९७२ साली डॉ. रॉबर्ट बार्टलेट यांनी हृदयाच्या ऑपरेशननंतर हृदय साथ देईना अशा एका लहान मुलाला दीड दिवस असाच आधार दिला. तेही मूल वाचलं.

म्हणजे केईएमच्या दुसऱ्या प्रयत्नानंतर जेमतेम चार वर्षांत, ऑपरेशन झालंय पण हृदय उभं राहत नाहीये, या प्रश्नाला पहिलं उत्तर मिळालं होतं. पण त्याला मोठ्या माणसांच्या आयसीयूमध्ये रुळायला आणखी कित्येक वर्षं लागली. टिकाऊ पंप आणि चांगले ऑक्सिजनेटर आले, तेव्हा कुठे ते शक्य झालं.

आज हे काम कसं चालतं ते बघू. पेशंटच्या जांघेतल्या मोठ्या शिरेत जाड नळी घालतात. ऑपरेशनमुळे छाती उघडलेलीच असेल तर थेट हृदयाजवळही नळ्या बसवतात. शिरेतलं काळपट रक्त बाहेर येतं, पंपातून ऑक्सिजनेटरमध्ये जातं आणि लालभडक होऊन दुसऱ्या नळीने धमनीत परत जातं. मोठ्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलतं. एक्मो त्यातला बराचसा वाटा उचलू शकतं.

रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला पोचायच्या आधीच बाहेर घेतलं जातं. त्यामुळे सेन यांच्या पेशंटची जी बाजू हरली, तिच्यावरचा भारच कमी होतो. तेवढ्या काळात सूज उतरते, औषधांनी फुफ्फुसातला दाब खाली आणता येतो, थकलेला स्नायू सावरतो.

मग सगळ्यांनाच का लावत नाहीत?

कारण हे मशीन बरं करत नाही, फक्त थांबवून धरतं. आणि त्याची किंमत शरीराला मोजावी लागते.

नळ्यांमध्ये रक्त गोठू नये म्हणून ते पातळ ठेवावं लागतं. इकडे छातीवर ताजे टाके असतात. म्हणजे पातळ ठेवलं तर रक्तस्राव, नाही ठेवलं तर गुठळी. या दोन्हींच्या मधली वाट तासातासाला शोधावी लागते. पायाचा रक्तपुरवठा तुटू शकतो, पक्षाघात होऊ शकतो, किडनी बसू शकते, जंतुसंसर्ग होऊ शकतो. चोवीस तास पेशंटजवळ परफ्युजनिस्ट आणि शिकलेल्या नर्स लागतात. खर्च लाखांमध्ये जातो.

हृदयाचं ऑपरेशन झालेल्या मोठ्या माणसांपैकी शंभरात साधारण एक-दोघांनाच याची गरज पडते. आणि ज्यांना लागतं, त्यांच्यातले दहापैकी तीन-चार जणच घरी जातात. आकडा छोटा वाटतो. पण हे सगळे पेशंट असे असतात की मशीन नसतं तर जवळपास कुणीच वाचलं नसतं.

म्हणून एक्मो लावतानाच पुढचा रस्ता ठरवावा लागतो. हृदय सावरेल अशी आशा आहे का? नसेल तर कृत्रिम पंप किंवा प्रत्यारोपण शक्य आहे का? दोन्ही नसेल, तर कधी थांबायचं? काही दिवसांनी मशीनचा वेग हळूहळू कमी करून, इकोमध्ये हृदय स्वतःहून किती काम करतंय हे बघतात. आयसीयूबाहेर बसलेल्या घरच्यांनी हे प्रश्न डॉक्टरांना पहिल्याच दिवशी मोकळेपणाने विचारायला हवेत. मशीन चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे असं नसतं, आणि मशीन लागलं म्हणजे सगळं संपलं असंही नसतं.

सेन यांचं पुढे काय झालं?

१९६९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं. दोन्ही पेशंट गेले होते, तरी पहिलं पाऊल टाकल्याची नोंद देशाने घेतली.

सेन नंतरही काम करत राहिले. तरुण मुलामुलींच्या, विशेषतः मुलींच्या, मोठ्या धमन्या आक्रसून नाडीच लागेनाशी होते, असा एक आजार आशियात बऱ्याच प्रमाणात दिसतो. पॅथॉलॉजिस्ट डॉ. एस. जी. किणरे, डॉ. परुळकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर सेन यांनी केईएमच्या पेशंटवरून त्याचा अभ्यास केला आणि १९७३ साली त्यावर पुस्तक काढलं. चित्रकला आणि कविता हे त्यांचे वेगळेच नाद होते.

२२ जुलै १९८२ रोजी ते गेले. भारतात यशस्वी हृदय प्रत्यारोपण झालेलं त्यांना बघायला मिळालं नाही.

१९९४ साली संसदेने अवयव प्रत्यारोपणाचा कायदा केला आणि मेंदूमृत्यूला मान्यता मिळाली. त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण केलं. सेन यांच्या मुंबईला मात्र आणखी थांबावं लागलं. ३ ऑगस्ट २०१५ रोजी मुलुंडच्या फोर्टिस हॉस्पिटलमध्ये डॉ. अन्वय मुळे यांच्या टीमने ते करून दाखवलं, केईएमच्या त्या रात्रीनंतर ४७ वर्षांनी. आणि ते हृदय आलं होतं पुण्याहून, ग्रीन कॉरिडॉर करून.

आज पुण्याच्या वेशीवर, सोलापूर रोडवरच्या लोणी काळभोरसारख्या गावातही सुपरस्पेशालिटी हॉस्पिटल उभं आहे. पूर्वी हृदयाचं ऑपरेशन म्हटलं की गावाकडचा माणूस मुंबईची गाडी धरायचा, आणि तिथे पोचायचा तो बहुतेक वेळा परळलाच. त्या परळमध्ये एका डॉक्टरने सगळं जग चाचपडत असताना हात घातला, हरला आणि तरी मागे धडा ठेवून गेला. हृदय बसवणं ही अर्धीच लढाई असते. उरलेली अर्धी ते हृदय उभं राहीपर्यंत त्याला सांभाळण्याची असते, आणि त्या अर्ध्या लढाईसाठीच आज एक्मो आहे.